पायरीवरच्या बाई

शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक मी करते. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे. तिथे गॅस, दोन मोठी पातेली आणि मी. शेडसमोर पाण्याची टाकी, आणि टाकीला सिमेंटची एक रुंद पायरी. त्या पायरीवर आता कोणी बसत नाही. पाचवीच्या मुली पाणी प्यायला येतात, दप्तर मातीत टाकतात, पण पायरीवर ठेवत नाहीत. एकीला मी विचारले, तर म्हणाली, "वो बाई की जगह है ना खाला." ही मुलगी या वर्षी आमच्या शाळेत आलेली. तिने बाईंना कधी पाहिलेले नाही.

भास मलाही होतो. भात शिजत आला की मी झाकण उचलते, वाफ तोंडावर येते, आणि वाफेच्या पलीकडे कोणीतरी पदर सावरून बसलेले दिसते. "मावशी, मीठ बेतानं हां," असा आवाज येतो. वाफ विरते. टाकीचा नळ टपटपत असतो.

मी चारचौघांत बोलत नाही. बोलायला गेले की घसा धरतो. लिहिताना धरत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमची शाळा मुलींची, उर्दू माध्यमाची. संस्था अल्पसंख्याकांची आहे. शिक्षक कोण हे संस्था ठरवते, पगार सरकार देते, आणि सगळी भांडणे या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत होतात. माझी लेक याच शाळेत शिकली. मी मात्र माढ्याकडच्या एका खेड्यात वाढले. तिथे उर्दू शाळा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासरी सगळे दखनी बोलणारे. मराठी माझ्या एकटीजवळ राहिली. लेक झाली तेव्हा मी तिच्याशी मराठीत बोलायला लागले, एकटेपणा जायला म्हणून. ती पुढे मराठी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. झाली, आणि शाळेतल्या मराठीच्या जुन्या आपा निवृत्त झाल्यावर संस्थेने तिला त्यांच्या जागी घेतले. आमच्याकडे शिक्षिकेला आपा म्हणतात. माझी लेक आपा झाली तेव्हा तिचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यातून येताना पेढे घेऊन आले होते.

पण शिक्षण विभागाची मान्यता आली नाही. मान्यता नाही तर सरकारचा पगार नाही. संस्था जे हातावर ठेवील त्यावर ती शिकवत राहिली. विभागाचे म्हणणे, जिल्ह्यात मराठीचे शिक्षक अतिरिक्त झाले आहेत, आधी त्यांना सामावून घ्या. संस्थेचे म्हणणे, आम्ही अल्पसंख्याक, आमचे शिक्षक निवडायचा हक्क आम्हाला कायद्याने दिला आहे. प्रकरण मुंबईच्या कोर्टात गेले. वर्षे गेली. लेकीचे वय दुसरीकडे अर्ज करण्याच्या पुढे गेले. आता हीच जागा, नाहीतर काही नाही.

अशात एका सकाळी बाई आल्या. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. काळी पर्स, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सरकारी आदेश. करमाळा तालुक्यातल्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या. तिथली मुले कमी झाली, तुकडी बंद झाली, बाई अतिरिक्त ठरल्या. विभागाने त्यांना आमच्या शाळेत पाठवले होते, माझ्या लेकीच्या जागेवर.

मुख्याध्यापिकांना आम्ही बडी आपा म्हणतो. त्यांनी आदेश वाचला आणि संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावला. सेक्रेटरींनी वकिलांना लावला. वकिलांनी सांगितले, मस्टरवर सही घेऊ नका, तास देऊ नका, बसायला खुर्ची देऊ नका. खुर्ची दिली की रुजू करून घेतले असे होते. आणि नाही म्हणूनही लिहून देऊ नका, केस चालू आहे. बाईंची जुनी शाळा त्यांना सोडून मोकळी झालेली. आमची शाळा घेईना, घेत नाही असा कागदही देईना. त्यामुळे त्यांचा पगार थांबला. उद्या कोणी म्हणू नये की बाई आल्याच नाहीत, म्हणून त्या रोज यायला लागल्या. ऑफिसच्या दारात थोडा वेळ उभ्या राहायच्या. मग मागे येऊन टाकीच्या पायरीवर बसायच्या, शाळा सुटेपर्यंत.

पहिले काही दिवस मी त्यांच्याकडे पाहिले नाही. भांडी घासताना त्यांच्याकडे पाठ करायची. मग एकदा त्याच बोलल्या.

"मावशी, तुमी कुटल्या?"

"माढ्याकडची."

"मंग आपल्याच की. मी करमाळ्याची." त्या हसल्या. "मला वाटलं, हितं मला समदं उर्दूतच ऐकावं लागतंय का काय."

माझ्या लहानपणानंतर ती बोली मी अशी समोरासमोर ऐकली नव्हती. माझी आई अशी बोलायची. हातातले पातेले मी तसेच धरून उभी राहिले.

मी बडी आपांना विचारले, "चाय दूँ क्या उनको?" त्यांनी थोडा विचार केला. "चाय के बारे में वकील कुछ बोले नहीं," त्या म्हणाल्या. "दे."

तेव्हापासून बाई रोज चहा घ्यायच्या आणि बोलायच्या. त्यांच्या शाळेसमोर सकाळी पिवळी गाडी यायची, इंग्रजी शाळेची. "एकेक पोरगं त्या गाडीत चढत गेलं, मावशी, आन आमी खिडकीतनं टाटा करत ऱ्हायलो. शेवटी वर्गात फळा आन मी." त्यांचे मालक गावी शेती बघायचे, मुलगा बार्शीला कॉलेजात होता. बाई सोलापुरात नणंदेकडे राहायच्या. नणंद रोज विचारायची, वहिनी, आज तरी खुर्ची दिली का? "मी म्हनते, दिली की. सिमेटची हाय. हलत न्हाय, मोडत न्हाय."

मग त्यांनी विचारले, "तुमाला लेकरं किती?"

"एक मुलगी."

"काय करती?"

मी शेगडी पुसायला लागले. "आहे आपली," म्हणाले.

त्याच वेळी टाकीच्या वरच्या खिडकीतून लेकीचा आवाज येत होता. ती वर्गाला धडा वाचून दाखवत होती. बाईंनी वर पाहिले आणि पुन्हा चहाच्या ग्लासात पाहिले.

लेक मागच्या अंगणात यायचीच नाही. पाणी प्यायलासुद्धा पुढच्या नळावर जायची. घरी आल्यावर चपला काढता काढता विचारायची, "आज होती?"

"होती."

"काय बोलली?"

"काही नाही. गावाकडचं."

एकदा ती म्हणाली, "मी वर्गात जाऊन टेबलाशी उभी राहते ना, तेव्हा वाटतं, माझ्या खुर्चीत कोणीतरी आधीच बसलंय. म्हणून मी बसतच नाही. उभ्यानेच शिकवते." मी तिच्या पायांना तेल लावून दिले.

असा पावसाळा गेला, थंडी गेली, आणि रमजान आला.

आता चवीचे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातून झाले. पोषण आहाराचा नियम असा, की मुलींना वाढण्याआधी एका शिक्षिकेने जेवण चाखायचे. चाखतानाचा फोटो काढून शिक्षण विभागाच्या ग्रुपवर पाठवायचा. रमजानमध्ये लहान मुली रोजे ठेवत नाहीत, त्यांच्यासाठी स्वयंपाक चालूच असतो. पण शिक्षिका सगळ्या रोजात. मग चाखणार कोण? ज्या आपाला त्या दिवसांत रोजा माफ असेल ती. म्हणजे चाखायला कोण आली यावरून साऱ्या शाळेला कळायचे, कोणाचे दिवस आहेत. शिपाई फोटो काढायचा, आणि ती बिचारी आपा लाजेने पदर तोंडावर ओढायची. दर वर्षी यावरून रुसवे व्हायचे. एकीने तर रोजा असूनही स्वतः चाखले होते, दुसरीची लाज राखायला, आणि नंतर तौबा करत बसली.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी एक आपा म्हणाली, "अगे, वो टाकीवाली बाई है ना. उनको कौन सा रोजा है?"

सगळ्या एकदम हसल्या. किती दिवसांचा काटा निघाला. बडी आपांच्या चेहऱ्यावर सुद्धा सुटल्यासारखे दिसले. त्या स्वतः मागे आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "बाई, एक मेहरबानी करता का?"

बाईंनी ऐकून घेतले. "उपास तुमचा आन चव माजी," त्या मला म्हणाल्या. "बरं हाय की."

महिनाभर बाईंनी चाखले. मी पळीभर वाटीत काढून द्यायची. त्या भिंतीकडे तोंड करून चाखायच्या, आमच्या उपाशी तोंडांसमोर खायचे नाही म्हणून. फोटोसाठी शिपाई म्हणायचा, बाई, इकडे बघा, तेव्हा तेवढ्यापुरत्या वळायच्या. "मीठ कमी हाय," किंवा "झ्याक झालंय," एवढेच बोलायच्या. वाटीतल्या घासापलीकडे त्यांनी शाळेत काही खाल्ले नाही. चहा सोडला. पाणीसुद्धा आमच्या नजरेआड प्यायच्या. मी म्हणाले, बाई, तुम्ही कशाला? तर म्हणाल्या, "समदं घर उपाशी असताना पाव्हण्यानं डबा उघडावा व्हय?"

ईद झाल्यावर मी त्यांच्यासाठी शीरखुर्मा नेला. लेकीने स्वतःच डबा भरून दिला आणि कोणी दिला ते सांगू नको म्हणाली.

फोटो रोज ग्रुपवर जात होते. त्याखाली शिपाई आदल्या दिवशीचे तेच वाक्य उचलून टाकायचा, शिक्षिका चव घेताना. कोणाच्या मनात काही आले नाही. वकिलांनी खुर्ची मना केली होती, मस्टर मना केले होते. पळीबद्दल ते काही बोलले नव्हते.

उन्हाळ्यात मुंबईच्या कोर्टाने सांगितले, शिक्षणाधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावून ऐकून घ्यावे आणि निर्णय द्यावा. सुनावणीच्या आधी बाईंच्या वकिलाने कागद जोडले, त्यात ते फोटो होते. शाळा म्हणते या बाईंना कधी कामावर घेतलेच नाही, आणि इथे शाळाच महिनाभर लिहिते आहे, शिक्षिका म्हणून.

सेक्रेटरी शाळेत आले ते त्या कागदांची प्रत घेऊनच. बडी आपांना सगळ्यांसमोर म्हणाले, "कुर्सी संभालके रखे, और करछी हाथ में दे दिए. वाह." बडी आपा खाली मान घालून बसल्या. फोटोत त्या बाईच का होत्या, हे त्यांना सेक्रेटरींना सांगता येईना. बाईमाणसाच्या त्या गोष्टी पुरुषाला कशा सांगणार? आम्ही सगळ्या जणी तिथे उभ्या होतो, आणि सगळ्यांना माहीत होते.

लेक घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "आता गेलं, अम्मी," ती म्हणाली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही गं."

सुनावणीला मलाही शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात नेले. जेवण तू देत होतीस, साहेब विचारतील, असे सेक्रेटरी म्हणाले. मी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसले. लेक एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. दोघी पहिल्यांदाच एका खोलीत होत्या. लेक टेबलाकडे बघत होती. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. वकील खूप वेळ बोलले. मला त्यातले थोडे कळले, बरेच कळले नाही.

मग साहेबांनी फोटो हातात घेतले आणि बाईंना विचारले, "हे काम शाळेने तुम्हाला नेमून दिलं होतं, बरोबर?"

बाईंच्या वकिलाने मान हलवली, हो म्हणा अशी.

बाईंनी फोटो मागून घेतला. बराच वेळ पाहिला. बाहेर त्या माझ्याशी बोलत तशी बोली त्यांनी तिथे वापरली नाही. शाळेत शिकवतात तशा शुद्ध, सावकाश बोलल्या. "साहेब, हे काम नव्हतं. त्यांचे रोजे होते, मला नव्हता. शेजारणीच्या घरी उपास असला तर आपण जाऊन आमटीचं मीठ बघतो, तसं."

"विचार करून बोला बाई. तुमच्या जागेचा प्रश्न आहे."

"विचार करूनच बोलते. त्यांनी घरच्यासारखं चाखायला दिलं. ते मी नोकरी म्हणून कसं मांडू?"

साहेबांनी काहीतरी लिहून घेतले. मला कोणी काही विचारले नाही.

बाहेर व्हरांड्यात वकिलाने फाईल काखेत मारली. "हातातली केस होती, बाई. काय केलंत हे?"

"व्हय की," बाई म्हणाल्या. मग त्यालाच विचारले, "चा घेता का?"

निर्णय संस्थेच्या बाजूने आला. लेकीला मान्यता मिळाली. बाईंना शाळेने लेखी कागद द्यावा, म्हणजे त्यांना दुसरीकडे पाठवता येईल, असेही त्यात होते. तो कागद न्यायला त्या शेवटच्या आल्या. बडी आपांनी तो दोन्ही हातांनी दिला, काही बोलायला गेल्या, आणि शेवटी शिपायाला पाणी आणायला सांगितले.

बाई मागे शेडमध्ये आल्या. मी मटकी निवडत होते.

"जाते मावशी."

"कुठे पाठवतील?"

"बघू. जितं फळा आसंल तितं." त्यांनी पर्स काखेत घेतली. "तुमची लेक चांगली शिकवती. आवाज तुमच्यावर गेलाय तिचा."

मी सूप खाली ठेवले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच आठवड्यात. पोरींनी सांगितलं. पोरींच्या तोंडात काय ऱ्हातंय व्हय?"

"मग बोलला नाहीत?"

"तुमी न्हाय बोलल्या," त्या म्हणाल्या, "म्हनून मीबी न्हाय बोलले." आणि पदराने कपाळ पुसून निघाल्या. फाटकापर्यंत सोडायला जावे असे मनात होते. मी मटकी निवडत राहिले.

त्यानंतर त्यांचे काय झाले, कळले नाही. एक आपा म्हणाली, अक्कलकोटकडे पाठवले, तिथेही जागेचा वाद आहे. दुसरी म्हणाली, नोकरी सोडून त्या गावी गेल्या. एसटी स्टँडवरून जाताना करमाळ्याची गाडी लागलेली असली की मी खिडक्या बघत जाते. एकदा अगदी तसाच पदर दिसला. बाईने तोंड वळवले, ती दुसरीच कोणीतरी होती.

लेकीचा पगार सुरू झाला. शेजारच्या बायका मुबारक म्हणायला आल्या. घरात आनंद होता, पण लेक शाळेतून यायची ती गप्प. मला वाटले, थकली असेल. बरेच दिवसांनी, भाकरी करताना, ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"अम्मी, ती खोकायची, तुला माहितीये?"

"कोण?"

"बाई. मी वर शिकवताना." ती पिठात बोट फिरवत होती. "धड्यात पाभर शब्द आला होता. मी मुलींना सांगितलं, पाभर म्हणजे धान्य ठेवायची कणगी. खालून खोकल्याचा आवाज आला. मला वाटलं, थंडी झालीय तिला. मग पुढे कशात तरी चुकले, पुन्हा खोकला. घरी येऊन पुस्तकात बघितलं. पाभर म्हणजे पेरायचं अवजार. दुसऱ्या दिवशी वर्गात नीट करून सांगितलं. खाली काही नाही."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

"मग मला सवयच लागली. चुकले की खोकला. मी लगेच धडा पुन्हा बघायची. वर्षभर तिने मला असं शिकवलं. आणि मी एकदा खाली जाऊन तिला बोललेसुद्धा नाही."

"आणि बरोबर सांगितलंस की?"

"तेव्हा ती गप्प राहायची," लेक म्हणाली. "ते गप्प राहणं मला ऐकू यायचं, अम्मी. आता नुसतंच गप्प आहे. मी बरोबर सांगतेय का चूक, काही कळत नाही."

वर्गात ती मध्येच थांबते, असे मुलीही सांगतात. आपा वाचता वाचता थांबतात, खिडकीकडे बघतात, आम्हाला वाटतं विसरल्या.

आता मराठीचा तास सुरू झाला की मी गॅस बारीक करते आणि खिडकीच्या खाली जाऊन उभी राहते. पाभर मला माहीत होती. लहानपणी बघितली होती, विचारले असते तर सांगितली असती. पण तिच्या मोठ्या वर्गांच्या धड्यांतले बाकीचे मला कळत नाही. कुठे चुकले आणि कुठे बरोबर आहे हे चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कसे कळणार? मी फक्त ऐकते. वरून तिचा आवाज येतो, चालता चालता थांबतो. ती कान देऊन उभी आहे हे मला खालून कळते. फोडणीच्या धुराने माझा घसा खवखवतो. मी पदर तोंडात धरून खोकला दाबते, कारण तो ऐकला तर आपले काहीतरी चुकले असे ती मानील. मग थोड्या वेळाने वरून आवाज पुन्हा सुरू होतो.